पॅडलचा हिशेब आणि गुडघ्याचे मोल

डिलाईल रोडवर पहाटे रस्ता जागा होतो तो सायकलच्या घंटीने. पाववाल्याच्या कॅरियरवर गोणपाटाने झाकलेला पावांचा ढीग असतो, दूधवाल्याच्या दोन्ही बाजूंना किटल्या लोंबत असतात, पेपर टाकणाऱ्या मुलाच्या हँडलला पिशवी असते. दहाच्या पुढे लोअर परळ स्टेशनाबाहेर डबेवाल्यांच्या सायकली रांगेने लागतात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर इथल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु त्या इमारतींतल्या साहेबाचा डबा आजही कोणाच्या तरी पायाच्या बळावरच पोहोचतो.

या मंडळींकडे पाहताना आमच्या मनात एक प्रश्न नेहमी येतो. शिलाई मशीन चालवायला शिकवणारे वर्ग आहेत, मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळा आहेत. सायकल मात्र पडत-झडत, कोणाच्या तरी मागे धावत शिकायची असते. तोल सावरला की शिक्षण संपले! पॅडल कसे मारावे हे कोणी सांगत नाही. रविवारी तासभर हिंडणाऱ्याचे त्यावाचून काही बिघडत नाही. पण ज्याचे पोट पॅडलवर आहे, तो दिवसातून हजारो वेळा गुडघा वाकवतो. त्याची पद्धत चुकली तर रोज थोडे थोडे नुकसान साठत जाते आणि चाळिशी गाठेपर्यंत जिना चढताना तो कठड्याला धरू लागतो. ज्याचे शरीर हेच भांडवल, त्याने त्या भांडवलाचा हिशेब ठेवायला नको काय?

म्हणून या अंकात आम्ही पॅडलचा हिशेब मांडत आहोत. तो अवघड नाही. शाळेतल्या गणिताने सुटतो.

पॅडलचे घड्याळ

उजव्या बाजूने सायकलकडे पाहा आणि पॅडल ज्या वर्तुळात फिरते ते घड्याळाची तबकडी आहे असे समजा. पॅडल सर्वांत वर असते तेव्हा बारा वाजले, सर्वांत खाली असते तेव्हा सहा. पाय खाली दाबला जातो तो साधारण एक ते पाच या वेळात, आणि सर्वांत जास्त जोर लागतो तो तीनच्या आसपास. कारण तेव्हा पॅडलचा दांडा आडवा असतो आणि खाली दिलेला दाब जवळजवळ पूर्णपणे चाक फिरवण्याच्या कामी येतो. बारा आणि सहा या दोन ठिकाणी मात्र कितीही दाबले तरी दांडा फिरत नाही, दाब नुसता दांड्यातून खाली जातो. पॅडल अगदी खाली पोहोचल्यावरही जो पाय रेटत राहतो, तो फुकट दमतो.

पहिला धडा यातूनच निघतो. जोर द्यायचा तो एक ते पाच या वेळात. पाचनंतर पाय सैल सोडायचा आणि वर येताना तो नुसता पॅडलबरोबर येऊ द्यायचा. नवशिका माणूस वर येणाऱ्या पायाचेही ओझे पॅडलवर टाकून ठेवतो. त्यामुळे खाली जाणाऱ्या पायाला सायकलही ओढावी लागते आणि दुसरा पायही उचलावा लागतो. असे एका पायाने दुसऱ्याशी भांडण करू नये.

ओढण्याचा गैरसमज

शर्यतीच्या सायकलींवर बुटाला पॅडलशी जखडणारी कडी किंवा पट्टा असतो. ते पाहून बऱ्याच तरुणांचा समज झाला आहे की खरी ताकद पॅडल वर ओढण्यात आहे, आणि पाय सर्व बाजूंनी सारख्याच जोराने गोल फिरवला तर वेग दुप्पट होईल. कागदावर हे पटण्यासारखे आहे. शास्त्रज्ञांनी मात्र ते मोजून पाहिले.

१९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अव्वल दर्जाचे सायकलपटू आणि त्यांच्याहून थोडे कमी दर्जाचे सायकलपटू यांच्या पॅडलवरील जोराची तुलना करण्यात आली. अव्वल सायकलपटू पॅडल जास्त ओढत नव्हते. ते खाली जास्त जोराने दाबत होते, इतकेच. पुढे २००७ साली आठ सायकलपटूंवर आणखी एक प्रयोग झाला. त्यांना सारख्याच शक्तीने, मिनिटाला ९० फेऱ्यांच्या गतीने पॅडल मारायला सांगितले. एकदा नेहमीच्या सवयीप्रमाणे, एकदा गोलाकार फिरवण्याकडे लक्ष देऊन, एकदा खाली दाबण्याकडे लक्ष देऊन आणि एकदा मुद्दाम वर ओढून. वर ओढताना जोराची वाटणी कागदावर अधिक चांगली दिसली. पण तेवढ्याच कामासाठी शरीराचा खर्च मात्र वाढला.

याचे कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. माणूस उभा राहणारा, चालणारा, जिने चढणारा प्राणी आहे. त्याच्या मांडीचे पुढचे स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू सर्वांत मोठे असतात, आणि त्यांचे कामच पाय सरळ करून खाली रेटण्याचे आहे. पाय वर उचलणारे स्नायू त्यामानाने लहान असतात. मोठ्या भावाचे काम धाकट्यावर टाकले तर घर चालत नाही, तसेच हे आहे. तेव्हा साध्या पॅडलच्या सायकलवर आपण मागे पडलो असे कोणी समजू नये. नेहमीच्या दौडीत ओढण्याच्या कसरतीने हाती काही लागत नाही.

शक्ती म्हणजे नुसता जोर नव्हे

'जोर लाव, जोर लाव' असे आपण सर्रास म्हणतो. पण सायकलला पुढे नेणारी शक्ती दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते. एक, पायाचा दाब. दुसरी, पाय फिरण्याची गती. दाब अर्धा केला आणि गती दुप्पट केली तरी शक्ती तेवढीच राहते. म्हणजे एकच काम दोन प्रकारे करता येते. जड पॅडल सावकाश रेटून किंवा हलके पॅडल भरभर फिरवून.

मग यातले चांगले कोणते? इथे उत्तर जरा विचारपूर्वक द्यावे लागते. आपण खाल्लेल्या अन्नातली शक्ती शंभर भाग धरली, तर सायकल चालवताना त्यातले वीस ते पंचवीस भागच पॅडलपर्यंत पोहोचतात. बाकीची उष्णता होऊन घामावाटे निघून जाते. सावकाश चालवणाऱ्याचा हा खर्च मिनिटाला ५० ते ७० फेऱ्यांच्या दरम्यान सर्वांत कमी येतो. त्याहून फार भरभर पाय फिरवले तर नुसते पाय हलवण्यातच शक्ती जाते. शर्यतीतले खेळाडू ८० ते १०० फेऱ्या मारतात, कारण त्यांना खूप मोठी शक्ती सतत काढायची असते आणि तेवढा दाब देत राहिले तर त्यांच्या मांड्या लवकर भरून येतील.

मात्र श्वासाला जे स्वस्त पडते ते कधी कधी गुडघ्याला महाग पडते. चाळीस फेऱ्यांवर जड पॅडल रेटताना दम कमी लागतो, म्हणून माणसाला ते सोपे वाटते. पण प्रत्येक फेरीला गुडघ्याच्या वाटीवर येणारा दाब मोठा असतो. दम पाच मिनिटांत भरून येतो, झिजलेला गुडघा भरून येत नाही. म्हणून ओझे वाहणाऱ्या आमच्या बांधवांनी सपाट रस्त्यावर मिनिटाला ६० ते ७५ फेऱ्यांची लय धरावी आणि पन्नासच्या खाली शक्यतो जाऊ नये.

ही मोजणी घड्याळाशिवायही येते. उजवा गुडघा वर आला की एक असे मनात म्हणत जावे. पंधरा सेकंदांत पंधरा ते एकोणीस आकडे झाले तर लय बरोबर आहे. दहाच झाले तर पॅडल फार जड आहे असे समजावे.

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत खोपोलीपासून वर चढणारा बोर घाट जो प्रथम पार करतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या घाटात खेळाडू मागच्या मोठ्या चक्रावर चेन घेतात आणि हलके पॅडल फिरवत राहतात. सपाटीचे जड पॅडल तसेच रेटणारा पैलवान तिथे टिकत नाही. लांबच्या पल्ल्यालाही हेच लागू आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. इतक्या पल्ल्याला नुसती धडाडी पुरत नाही. शरीर जपून खर्च करण्याची विद्या तिथे लागते, आणि तीच विद्या रोज वीस किलोमीटर ओझे ओढणाऱ्याच्याही कामाची आहे.

पुलाचा चढ

घाट लांब राहिला, आपला घाट म्हणजे डिलाईल रोडचा पूल. जुलै २०१८ मध्ये तो धोकादायक म्हणून बंद झाला आणि नवा पूल पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. ती पाच वर्षे लोकांनी वळसे घालून काढली. आता पूल आहे आणि चढही आहे.

असा एखादा पूल हिशेबासाठी सहा मीटर उंच आणि त्याचा चढ १८० मीटर लांबीचा धरू. माणूस ६० किलोचा, सायकल २० किलोची आणि ओझे ६० किलोचे, म्हणजे एकूण १४० किलो. वारा आणि घर्षण बाजूला ठेवले तरी हा चढ एका मिनिटात चढायला सुमारे १३७ वॅट शक्ती लागते. अर्ध्या मिनिटात चढायचे म्हटले तर २७४ वॅट. साधारण निरोगी माणूस तासन्‌तास ७५ ते १०० वॅट काढू शकतो. म्हणजे घाई केली की आपण आपल्या ऐपतीच्या तिप्पट खर्च करतो! पुलावर घाई करू नये, हे पहिले.

दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. सावकाश चढल्याने दम वाचतो, पण पॅडलवर लागणारा दाब कमी होत नाही. तो दाब चढ, ओझे आणि चक्रांचे दात यांवर ठरतो. तुम्ही एका मिनिटात चढा की दोन मिनिटांत, गुडघ्यावरचा भार तोच. तो कमी करायचा तर दात बदलले पाहिजेत.

आपली काळी सायकल मूळ इंग्रजी धाटणीची. एके काळी ती इथून हाकेच्या अंतरावर, वरळीला हिंद सायकलच्या कारखान्यात तयार होत असे. १९८० साली कायदा करून सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली. आज तो कारखाना नाही, वरळीतल्या रस्त्याच्या नावात तेवढी हिंद सायकल उरली आहे. अशा सायकलला पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतील, तर पॅडलच्या एका फेरीत ती जवळजवळ साडेपाच मीटर जाते. सपाटीवर ते ठीक आहे. पण वर सांगितलेल्या चढावर, एका मिनिटाच्या हिशेबाने, पायाच्या फेऱ्या तेहेतीसवर येतात आणि पॅडलवर सरासरी सुमारे २५ किलोचा दाब लागतो. तीन वाजण्याच्या जागी तो याच्या दीडपट होतो.

आता मागे १८ ऐवजी २२ दातांचे फ्रीव्हील लावा. एका फेरीत सायकल साडेचार मीटर जाईल, चढावर फेऱ्या चाळीस होतील आणि सरासरी दाब २० किलोवर येईल. काम तेवढेच झाले, पण प्रत्येक फेरीला गुडघ्यावरचे पाच किलो उतरले. सपाटीवर साठ फेऱ्यांना ताशी साडेएकोणीसऐवजी सोळा किलोमीटर वेग मिळेल. गर्दीच्या रस्त्यावर ओझ्याच्या सायकलला त्याहून जास्त वेग लागतो तरी कुठे? सायकल दुरुस्तीवाल्याला सांगितले तर तो हे काम थोड्या वेळात करून देतो. दात वाढल्यामुळे चेनला एखादी कडी वाढवावी लागते, एवढे लक्षात ठेवावे. ज्यांच्या सायकलला गिअर आहेत त्यांनी चढ लागण्याआधीच गिअर हलका करावा. जोर लावताना बदलला तर चेन उतरते.

आणि ओझे फारच असेल तर उतरून सायकल ढकलावी. त्यात कमीपणा नाही. हमालीला लाज नसते, तशी शहाणपणालाही नसते.

सीटची उंची

एवढे करूनही सीट खाली असेल तर सारे फुकट जाईल. आमच्या पाहण्यात ही चूक सर्वांत जास्त आहे. गर्दीत दोन्ही पाय टेकता यावेत म्हणून बरेच जण सीट अगदी खाली ठेवतात. मग गुडघा छातीशी येतो, खाली गेल्यावरही वाकलेलाच राहतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटीवरचा दाब वाढतो. मोठे स्नायू पूर्ण ताणले न गेल्यामुळे शक्तीही कमी मिळते.

उंची ठरवण्याची सोपी रीत अशी. भिंतीला हात टेकून सीटवर बसावे. चपला काढून टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल सर्वांत खाली न्यावे. पाय अगदी सरळ झाला पाहिजे, पण कुल्ला एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो, साधारण २५ ते ३५ अंश. तेवढाच हवा. मापाने करायचे असल्यास अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्याला १.०९ ने गुणावे. खालच्या पॅडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ठेवावे. १९६७ साली ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासातून हा आकडा आला आहे. जांघेचे माप ७५ सेंटीमीटर असेल तर सीट सुमारे ८२ सेंटीमीटरवर येईल.

जुनी सवय असलेल्यांनी सीट एकदम वर घेऊ नये. आठवड्याला बोटभर वाढवावी. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकण्याची सवय करावी. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, गुडघ्यामागची शीर दुखत असेल तर सीट फार वर आहे, अशी ढोबळ खूणगाठ बांधावी. मात्र गुडघा सुजला, अडकू लागला किंवा रात्री झोपेतही दुखू लागला, तर घरगुती उपाय करत बसू नये. परळला केईएमसारखे सार्वजनिक रुग्णालय जवळच आहे, तिथे दाखवावे.

चवडा, चप्पल आणि चेन

पॅडलवर पायाचा मधला भाग न ठेवता चवड्याचा रुंद भाग ठेवावा. सैल चप्पल घसरते, मग बोटे आवळून धरावी लागतात आणि पोटऱ्या दुखतात. मागे पट्टा असलेली सँडल किंवा साधा कॅनव्हासचा बूट बरा. गुडघे बाहेर फाकवून चालवू नये. वर-खाली होताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहावा. हँडलवर कोपरे ताठ ठेवू नयेत.

सायकलकडेही पाहावे. स्वच्छ आणि तेल दिलेली चेन पायाच्या शक्तीतले शंभरातले पंच्याण्णवहून जास्त भाग चाकापर्यंत पोहोचवते. गंजलेली, वाळलेली चेन त्यातला वाटा खाते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चेन फडक्याने पुसून थेंब-थेंब तेल द्यावे आणि वरचे तेल पुसून टाकावे. टायरमधली हवा कमी असेल तर प्रत्येक फेरीला टायर दबतो आणि तुमची शक्ती त्याला दाबण्यात जाते. ओझ्याच्या सायकलचे मागचे टायर अंगठ्याने दबता कामा नये. पॅडलच्या प्रत्येक फेरीला कट असा आवाज येत असेल तर कॉटर पिन सैल झाली आहे. ती लगेच ठोकून वा बदलून घ्यावी.

घरच्यांनी काय करावे

हा लेख केवळ सायकलवाल्यांसाठी नाही. घरातल्या माउलीला नवऱ्याची किंवा मुलाची चाल रोज दिसते. जिना उतरताना तो पाय आखडतो हे तिच्या आधी लक्षात येते. एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून सीटचे माप घ्यावे, फ्रीव्हीलचे दात मोजावेत. शाळेत जाणाऱ्या मुलाला गुणाकार-भागाकाराचा याहून चांगला धडा मिळणार नाही.

मुलींकडे विशेष लक्ष द्यावे. ग्रामीण महाराष्ट्रात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सरकारी योजनेतून सायकल मिळते. गावी आपली भाची, पुतणी अशा सायकलवर शाळेत जात असेल. मुलगी त्या वयात भराभर उंच होते, पण सीट जिथे होती तिथेच राहते. दिवाळीला गावी गेलात तर जाताना एक पाना घेऊन जा. मिठाईच्या डब्याइतकीच ती भेट तिच्या कामी येईल.

कष्ट कोणाला चुकलेले नाहीत, आणि कष्टाची आम्हाला लाजही नाही. पण न समजता केलेले कष्ट शरीराला खातात आणि समजून केलेले कष्ट संसार उभा करतात. दात मोजा, सीट वर घ्या, लय धरा. उद्या सकाळी पुलावर चढताना गुडघाच तुम्हाला उत्तर देईल.